बोटभर जागा

अग्निशमन दलाच्या सभागृहात,
कारण गावात त्या दिवशी तेवढीच खोली गरम होती,
टेबलं जोडून तीन देशांचे नकाशे पसरले.
गुंडाळी होऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मधाची बरणी,
एकावर किल्ल्यांचा जुडगा,
एकावर झेल्मीराचा ओला लोकरी हातमोजा.

नकाशे जुळेनात.
पोलंडचा डोंगर स्लोव्हाकियात शिरता शिरता
बारा मीटर उंच व्हायचा.
ओढ्याला इकडे एक नाव, तिकडे दुसरं,
तिसऱ्या कागदावर ओढाच नव्हता.
आणि तिघांच्या मध्ये, कशीही सरकवा टेबलं,
बोटभर फट राहायचीच.
जमिनीवर पाऊण किलोमीटर, बोझिदारने हिशेब केला.

मी दुभाषी. वाक्यं पलीकडे नेऊन सोडायची,
ताशी ठरलेले पैसे, जेवण वेगळं.
'संरक्षित' म्हणजे झेल्मीराच्या कायद्यात
झाड तोडायचं नाही.
बोझिदारच्या कायद्यात, विचारून तोडायचं.
मी शब्द दिला, दोघांनी माना डोलावल्या,
आणि मी गप्प बसलो.
पुढे 'मार्गिका' आली, तेव्हा सरपंच हुशारला:
डांबर कधी पडणार?
मेंढपाळ फेदोर खरं तर चहासाठी आला होता.
म्हणाला, अरे पाणंद रे, पाणंद.
दोन बांधांमध्ये सोडतात ती.
कुणी नांगर घातला तर गाव बोलतं.
मी तोच शब्द तीन भाषांत शोधत राहिलो.

तिसऱ्या खुर्चीवर युर्को बसायचा.
या वेळी त्याची बायको आली, हाफिया,
अकरा तास बसने, त्यातले सात चौकीवर.
पिशवीत त्याची वही,
सतरा हिवाळ्यांतली पावलं, पेन्सिलीने.
'तो नाही,' एवढंच म्हणाली.
ते मला दोन भाषांत सांगायचं होतं,
आणि दोन्हींत काळ निवडावा लागतो.
मी वर्तमान निवडला.
तिने माझ्याकडे पाहिलं. दुरुस्त केलं नाही.

पान एकेचाळीस. चार फेब्रुवारी.
लिंक्स, मादी. मागचं डावं पाऊल, चाराऐवजी तीनच बोटं.
तारेखालून गेली. अजून परतलेली नाही.

झेल्मीरा उठली, तिचा लॅपटॉप घेऊन आली.
नऊ फेब्रुवारी, ओढ्याकाठचा चिखल, तीन बोटं.
बोझिदारकडे एकोणीस तारखेचं बर्फ होतं,
पावलाशेजारी मापाला ठेवलेली काडेपेटी,
आणि तीन बोटं.
तिघांनी आपापल्या सरकारला एकेक मादी कळवली होती.
तिघांना एकेकीसाठी निधी मिळाला होता.
सकाळी या डोंगरात तीन होत्या,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकच उरली.

बराच वेळ कुणी सूपला हात लावला नाही.
मग झेल्मीराने पेन्सिल उचलली
आणि त्या फटीत, उघड्या टेबलाच्या लाकडावर,
पाचाकडून नवाकडे, नवाकडून एकोणिसाकडे
एक रेघ ओढली.
अग्निशमन दलाने नंतर ते टेबल पुसायला नकार दिला
असं म्हणतात. मला तर वाटतं, विसरले असतील.

इतिवृत्तात बाकी फार काही नाही.
मुद्दा चार: लाकूड गिरणी, हिवाळी तोड, पुढच्या बैठकीत.
मुद्दा सहा: फाडलेल्या मेंढ्यांची भरपाई कोण देणार?
यावर सरपंच वीस मिनिटं बोलला
आणि तो बरोबर होता.
मुद्दा सात: वहीच्या प्रती.

हाफिया वही सोडायला तयार नव्हती.
मग खिडकीपाशी उजेडात तिने एकेक पान उलटलं,
बोझिदारने फोनवर फोटो काढले.
वही जुनी, पानं मिटू पाहायची,
म्हणून तिने ती दाबून धरली.
आराखडा दोन वर्षांनी छापला, जाडजूड, तीन भाषांत.
परिशिष्ट उघडलंत तर दिसेल,
प्रत्येक पानाच्या कडेला
एक अंगठा आहे,
नखाखाली थोडी माती.