एक नोंद प्रलंबित

शहाद्याहून चोपड्याला पूर्वी सुपडू जायचा.
सकाळची एस.टी., काखेत लाखेची मोहोर मारलेला लिफाफा,
आत एका पोराचं वय, जात, गुण,
वर्तणूक चांगली.
संध्याकाळी परतायचा पोचपावती आणि डझनभर केळी घेऊन.
एकदा तापीच्या पुलाशी गाडी बंद पडली
तर लिफाफा उशाला घेऊन त्याने झोप काढली.
तेवढीच काय ती आमची सुरक्षितता.

आता तीन कॉलेजांचं एकच सॉफ्टवेअर.
शिकवायला पुण्याचा मुलगा आला होता,
तीन दिवस कूलरसमोरून हलला नाही.
म्हणाला, सर, एकदा भरा, सगळीकडे दिसेल.
मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.
बटण दाबलं की धुळ्याची पोरं इथे,
इथली चोपड्याला,
आणि सुपडू दिवसभर पाण्याच्या टाकीपाशी बसलेला,
पाय वाचल्याचं दुःख कुणाला सांगावं हे न कळून.

जूनमध्ये सायकी आली. सायकी गुलसिंग पावरा, दुसरं वर्ष.
नाव टाकताच स्क्रीन भरून आली:
रक्तगट, बापाचं उत्पन्न, हजेरी एकाहत्तर टक्के,
फी बाकी नाही,
आणि खाली शेरा, कुणी भरला देव जाणे,
'लग्न झाल्याचे समजते. सासर सोडले.'

ती खिडकीचा गज धरून उभी.
पत्ता विचारला, तर वसतिगृहाचा सांगितला, हळूच,
जणू तो पत्ताही कुणी पळवून नेईल.
मग पाड्यावर पावरी बोलणारी ती पोर
माझ्यासाठी माझ्या अहिराणीत आली:
"भाऊसाहेब, हाई कोनले कोनले दिखी?"
म्हटलं, कॉलेजला.
"कोनता कालेजले?"

धुळ्याच्या ऑफिसात तिचा जेठ ऑपरेटर आहे.
हे मात्र शेऱ्यात नव्हतं.

कंपनीला लिहिलं, एका मुलीचा पत्ता झाकता येईल का?
उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे.
तक्रारही तिन्ही कॉलेजांना दिसत होती;
तिचं नाव मी त्यात घातलं नव्हतं, नशीब.

सुपडूच्या आधीची तीन भावंडं गेली,
म्हणून जन्मताच आईने त्याला सुपात घातलं,
म्हणून हे नाव.
सूप पाखडतं. फोल उडतं, दाणा राहतो.
या यंत्रातून काहीच उडत नाही,
फोलसुद्धा नीट जपून
घरोघर वाटून येतं.

त्या दुपारी त्याच्याकडून कपाटाची किल्ली घेतली.
जनरल रजिस्टर, कापडी पुठ्ठा, कोपरे उंदरांनी खाल्लेले.
निळ्या शाईने लिहिलं: ४१८, पावरा सायकी गुलसिंग.
राहण्याचा पत्ता.
शेऱ्याचा रकाना कोरा.
सुपडूने टिपकागद दाबला, न विचारता.

स्क्रीनवर रोज सकाळी एक लाल ठिपका:
'एक नोंद प्रलंबित.'
प्राचार्य विचारतात. मी म्हणतो, नेट गेलंय.
शहाद्यात या वाक्याला अजून कुणी पुरावा मागत नाही.

सायकी वर्गात जाते. माझ्या खिडकीकडे बघत नाही,
तेच बरं.
ऑक्टोबरात परीक्षेचे अर्ज भरायचेत,
ते फक्त त्याच सॉफ्टवेअरमधून जातात.
आज ऑगस्टची एकोणीस.