डावखुऱ्याचा जोड

हमरियाच्या यार्डात कंटेनर उघडला
तेव्हा मुनीर फोरमन म्हणाला, हात लावू नकोस,
आधी पोलिसांचा कागद येऊ दे.
कागद आला. आतलं सगळं निकामी आहे,
असं तीन शिक्क्यांनिशी त्यात म्हटलं होतं.

मग मी पाहिलं:
बोअरचा पाइप, वीतभर रुंद तोंडाचा,
कुठल्याशा ट्रॉलीची दोन चाकं, एकात अजून वाळका चिखल,
मान वरखाली करायला मोटारीचा जॅक,
तोच, जो पंक्चर झाल्यावर डिकीत सापडत नाही.
शेजारी एक सिलिंडर, घरगुती, निळा,
बुडाला पत्र्याचे पंख.
नळीवर ब्रशनं काही लिहिलेलं.
मुनीरनं वाचलं, "सबर",
आणि दुसरीकडे बघायला लागला.

तोफ म्हणे ही.
आमच्या सांगलीत एवढ्या सामानात
उसाच्या रसाचा गाडा उभा राहतो.

जोड बघायची खोड मला आयटीआयपासून.
चौगुले सर म्हणायचे, कारागीर थापा मारेल, जोड मारणार नाही.
मी धूळ पुसली, बोट फिरवलं.
लहरी उजवीकडून डावीकडे निघालेल्या.
डावखुरा. माझ्यासारखाच.
दर चार बोटांवर जरा थांबलेला:
रॉड संपला असेल,
नाहीतर वर विमान आलं असेल, मला काय ठाऊक.
पण मळी दर वेळी खरवडलेली,
आतल्या अंगालाही, जिथं कुणी बघत नाही.
इतक्या निगुतीनं मी
मालकाचं गेटसुद्धा केलं नव्हतं.

मागून ती फाटली होती.
कणीस सोलताना पानं मागे दुमडतात, तशी.
जोडाला लागून लोखंडानं साथ सोडलेली,
आणि जोड जागच्या जागी, सरळ, हातभर.

डागताना मागे कोण उभं राहतं?
पहिल्या वेळी, ज्यानं केली तोच?
आमच्याकडे नवा झोपाळा टांगला की
टांगणारा आधी बसतो.

"कटर घे," मुनीर ओरडला, "टनाचा भाव उतरतोय."
चाकं कापली. पाइपाचे तीन तुकडे.
जॅक चालू होता, तो माझ्या खोलीत आहे.
हातभर जोड शेवटाला ठेवला.
ज्योत धरली, तर लवकर तुटेना.

रात्री कॅम्पात भाताची पाळी माझी.
सिलिंडर हलवून पाहिला, किती उरलाय.
डाव्या हातानं रेग्युलेटर फिरवला
आणि काडी ओढायच्या आधी
उगाच एकदा
मागे कोण उभं आहे, ते पाहिलं.