खमरची बाजू

मशीन चालू केलं की आधी काळा पडदा,
त्यावर दोन ओळी. वरची त्याची, खालची माझी.
दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे
आणि शून्याच्या आत खालच्या बाणाचं बटण दाबलं नाही
तर मशीन खमरच्या घरात शिरायचं.

तीन वर्षं मी ते बटण दाबलं.
चहाचे पैसे देता देता, डाव्या हाताने.
कधी विसरले की त्याचं जांभळं पान उघडायचं,
उजवीकडून निघालेली अक्षरं,
आणि सातबाऱ्यासाठी ताटकळलेला माणूस विचारायचा,
"बाई, हे कामून उलटं व्हायलंय?"

उलटं नव्हतं ते.
चौबाऱ्यामागच्या गल्ल्यांतल्या लग्नपत्रिका
तशाच निघायच्या आमच्याकडून.
खमर म्हणायचा, तुमच्या विंडोजमध्ये माझे नुक्ते सांडतात.
म्हणून एका रात्री शटर अर्धं ओढून
त्याने डिस्कचे दोन भाग केले.
"बाई, मेरेकू कितना?"
मी म्हटलं, घे की निम्मं, कोणाच्या बापाचं जातंय.

मग त्याच्या भावाने हैदराबादेत फ्लेक्सचं मशीन घेतलं.
भाडं निम्मं होतं, ते सगळं माझं झालं.
खुर्ची नेली नाही त्याने.

ह्या जूनमध्ये सी ड्राइव्ह लाल झाली.
उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर,
पोरांचे फोटो, पोरांच्या सह्या, वीस केबीत बसवलेल्या.
जागा नाही, जागा नाही, मशीन दर तासाला सांगायचं
आणि शेजारी निम्मी डिस्क
खमरच्या नावाने कुलूपबंद.

पासवर्ड मला ठाऊक होता,
दुकानाच्या लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक.
आत एकशे बेचाळीस फायली. मला एकही वाचता येत नाही.
एकीत माझा मोबाइल नंबर दिसला, खाली झेरॉक्सचा दोन आकडा,
म्हणजे दरपत्रक असावं.
नंबराच्या आधी एक शब्द होता, जरा मोठ्या टायपात.
सगळं पेनड्राइव्हवर घेतलं
आणि त्याचा भाग पुसला.

पडद्यावर काळी पट्टी राहिली, मालक नसलेली,
गायरानासारखी.
ती मी माझ्यात ओढून घेतली. एक क्लिक.
मशीन बंद करून चालू केलं.

काही आलं नाही.
ग्रब रेस्क्यू, असं एका कोपऱ्यात
आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ.
बाहेर अकरा माणसं, तलाठी जेवायला जाईपर्यंतची घाई.
मी एंटर दाबत राहिले.

शेवटी फोन लावला.
"हटाया क्या?" त्याने आधी तेच विचारलं.
"हौ."
मागे फ्लेक्सच्या मशीनचा घरघराट, बराच वेळ.
मग म्हणाला, "पूछना था ना बाई.
कमरा तुम्हारा था, दरवाजा मेरी तरफ था."

खालच्या खणात, रिबिनच्या डब्याखाली, विंडोजची सीडी.
कुठे ठेवली ते त्यालाच आठवत होतं.
त्याने एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं.
बूटरेक. अब जगह छोडो. अब तिरछी लकीर.
कोणती तिरकी, दोन आहेत.
"जो आगे झुकती, वो."
फिक्स एमबीआर, सब छोटे हर्फां.
झालं. निळी खिडकी आली.
थँक्यू म्हणायच्या आत लाइन तुटली, की त्याने ठेवला.
त्या शब्दाचं विचारायचं राहिलं.

आता मशीन काही विचारत नाही, सरळ उघडतं.
काल एक बाई निकाहचा रुक्का छापायला आल्या.
म्हटलं, ते आता इथं होत नाही.
त्या वर पाटीकडे बघत राहिल्या.

पाटीवर अजून दोन्ही ओळी आहेत.
संध्याकाळी पेंटरला बोलावलं,
खालची काढायचे किती?
तो म्हनला, "काढायचे बी लिव्हायएवढेच पडतेत."
राहू दे म्हटलं.