ओल

बहाव्याचा पिवळा मला अजून सापडलेला नाही.
झाडे सर म्हणतात, मागे लागू नका त्याच्या,
कागद ओला असतानाच रंग सोडून द्या,
तो आपली वाट काढतो.
सर मूळचे आर्वीचे, त्यांनाही ठाऊक आहे
नागपूरच्या मे महिन्यात ओला म्हणजे किती वेळ ओला.
ब्रश धुऊन होईस्तोवर
आभाळाच्या मधोमध एक कड येते,
उतू जाऊन शेगडीवर वाळलेल्या दुधासारखी.

केतकी बंगलोरहून फोनवर हसते:
आई, तू तर मला चित्रकलेच्या वहीत
गणितं सोडवायला लावायचीस.
लावायची. खरं आहे.
आता तिच्याच शाळेतल्या डब्यात रंग कालवते,
पांढरा संपलेला, जांभळा जसाच्या तसा,
झाकणावर तिचं नाव, तुकडी ब.

मग मी कूलरसमोर बसून पाहिलं.
नवी खस, टाकी काठोकाठ,
वारा गार, पण वाऱ्याबरोबर बारीक तुषार.
झाडावर, रस्त्यावर, सायकलवाल्याच्या डोक्यावर
पांढरे फटफटीत डाग.
‘काय करून राहिली?’ यांनी पेपरातून विचारलं.
‘नासवून राहिली,’ मी म्हणाले
आणि तिसरा कागद चुरगळला.
एक कागद अठ्ठावीस रुपयांना पडतो.
हे यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमाराला
मी कागद भिजवला, आणि कूलर थांबला.
पंखाही.
‘लाइट गेली,’ हे म्हणाले,
नुसत्या बनियनवर, पेपराची घडी करून
स्वतःला वारा घालत.

एकतीस वर्षं वीज मंडळात काढलेला माणूस.
जेवताना, अर्ध्या झोपेत,
भाच्याच्या लग्नात हातातल्या अक्षता तशाच धरून
फोनवर लोकांना सांगत आलेला
कुठून गेली, का गेली, कधी येईल.
शिव्या खाल्ल्या, पण या एका बाबतीत
कुणाशी खोटं बोलला नाही.

‘कधी येईल?’ मी विचारलं.
‘अर्धा तास तं लागेल,’ हे म्हणाले. ‘जास्तही लागेल.
तू कर ना तुझं.’
आत फ्रिज घुरघुरत होता.

मी काही बोलले नाही.
हनुवटीवरचा घाम पदरानं अडवत
सिव्हिल लाइन्सचं आभाळ वरून खाली ओढलं,
त्यात पिवळा सोडला.
तो जरा थबकला. मग सरकला.
मागे पेपराचा आवाज, फट्‌ फट्‌,
मधेच थांबायचा, हात बदलायचा, पुन्हा सुरू.

शनिवारी सरांनी चित्र खिडकीशी नेलं.
फांद्या चुकल्या म्हणाले.
सायकलला एकच चाक आहे म्हणाले.
मग वरच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, बराच वेळ.
‘इथं ओल कशी काय टिकली, बाई?’

‘लाइट गेली होती,’ मी म्हणाले.