बारा चिमटे

सोहारला भाजीबाजाराच्या पाठीमागे एक दुकान होतं.
काहीही उचला, शंभर बैसा.
आपलाच पैसा समुद्र ओलांडून तिकडे बैसा झाला
आणि एवढं बसकं नाव असूनही
माझ्या खिशात तो कधी बसला नाही.

पहिला पगार अजून व्हायचा होता.
जवळ दोनशे बैसा होते.
त्यातल्या शंभरात मी कपड्यांचे चिमटे घेतले, बारा,
सहा निळे, चार पिवळे
आणि दोन इतके गुलाबी की अख्खी खोली हसली.
इर्शाद परकार वरच्या बंकवरून म्हणाला,
"तिरोडकर, चिमटे कशाला रे? पोटाला काढायला?"

तो चिमटा मी घरूनच आणला होता.
व्हिसाबरोबर फुकट मिळतो.

तसं चिमट्यांवाचून काही अडलं नसतं.
जूनमध्ये गच्चीवर बनियन टाकून पाठ वळवावी
तर पापडासारखं वाजायला लागायचं.
पण एका दुपारी वारा सुटला, वाळूसकट,
आणि परकारची चौकड्याची लुंगी
शेजारच्या बलुची म्हाताऱ्याच्या खजुरीवर जाऊन बसली.
म्हाताऱ्याने ती घडी घालून परत दिली, वर मूठभर खजूर.
रात्री परकार काही न बोलता माझ्याकडून दोन चिमटे घेऊन गेला.
निळे.

माझी बंदरावर रातपाळी.
दिवसा झोपायचं, म्हणजे डोळे मिटून पडायचं,
कारण पडद्याच्या दोन पाटांमध्ये फट होती, बोटभर,
आणि तिथल्या बोटभर उन्हाला सुरीची धार असते.
नऊ वाजता ती गळ्यावर, अकराला डोळ्यांवर.
महिनाभर मी तिच्यापासून सरकत राहिलो,
पार भिंतीला जाऊन टेकलो.
मग एके सकाळी, कंटाळून,
दोन पिवळे चिमटे फटीला लावले.
गाव सोडल्यापासून पहिल्यांदा
आठ तास झोपलो.
उठलो तेव्हा कुठे आहे हेच आठवेना, थोडा वेळ.
तो थोडा वेळ फार चांगला होता.

पुढे चिमटे कुणाचेच राहिले नाहीत.
खुबूसच्या पिशवीला एक,
बताक्याच्या झेरॉक्सना एक,
दुधाच्या डब्याला गुलाबी, म्हणजे कुणी हात लावायचा नाही.
गटार तुंबलं त्या आठवड्यात मलबारी कुन्हीमोनने
एक खरोखरच नाकाला लावून भात शिजवला.

आणि एका शुक्रवारी परकारने
दोन चिमटे असे आडवे जोडून मेजावर ठेवले,
वर फोन टेकवला. पडला. परत टेकवला. उभा राहिला.
पलीकडे खेडात त्याची आफिया, पहिलीतली,
नवी रिबिन, पुढचा दात पडलेला,
बेचा पाढा म्हणायला उभी.
बे साते चौदावर अडली, आईकडे बघितलं, पुढे गेली.
बे दाहे वीस झालं
आणि परकारने टाळ्या वाजवल्या.
एवढंच.
पण पाच वर्षं एका हातात फोन धरून बोलणारा माणूस
टाळी वाजवू शकत नव्हता,
हे आमच्या कुणाच्या, त्याच्यासुद्धा, ध्यानात आलं नव्हतं.
तो वाजवतच राहिला.
पोर तिकडे "बस्स ना अब्बा" म्हणत लाजली.

नंतर मीही मोठ्या वस्तू घेतल्या.
घड्याळ घेतलं, बंद पडलं.
मसाज करणारी उशी घेतली, तिने मान धरली.
त्यांची बिलं अजून आहेत.

अकरा वर्षांनी निघताना
सामानाचं वजन तीन वेळा केलं,
सुगंधी साबण काढले, घातले.
चिमटे पडद्यावरच राहिले.
उन्हाने पांढरे पडलेले.

परवा रात्री माझ्या जागी आलेल्या पोराचा फोन आला,
गुहागरचा आहे, घनःश्याम नाव.
"काका, पडद्याचा एक चिमटा तुटला हो.
कुठून घेतलेला?"
दुकान आता असेल की नाही, ठाऊक नाही.
तरी रस्ता सांगितला, भाजीबाजार, डावीकडे,
लोखंडी जिना लागतो तिथपर्यंत.
एकच आणू का, म्हणाला.
म्हटलं, पाकीट घे रे.
काय काय उघडं पडतं,
ते राहायला लागल्यावर कळतं.