शिवण

अकरा वर्षं डावीकडच्या चौथ्या बाकावर
मी शांतवनच्या शेजारी बसलो.
उपासना सुटली की दारात हात मिळवायचा.
"कसं काय?"
"प्रभूच्या कृपेनं बरं."
एवढ्या एका वाक्यात दोघंही सुखरूप घरी.

खरं सांगू? त्याच्या तोंडापेक्षा
मला त्याच्या टाचा जास्त माहीत होत्या.
सुभाषनगरात चपला शिवतो मी,
प्रार्थनेला मान खाली गेली की नजर पायांवर जाते.
त्याची डावी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजायची.
माणूस कुणीकडं तरी कलतोय, कळत होतं.
विचारलं नाही.
विचारलं की आत जावं लागतं,
आत गेलं की चहा,
आणि चहा संपला की कोण रडेल सांगता येत नाही.

मग आषाढात त्याचा अमोस
शिरोलीच्या फौंड्रीत रस सांडून भाजला.

पाळकसाहेब म्हणाले, कुणीतरी रात्रीला थांबा.
वचन पाठ करूनच गेलो मी सीपीआरला.
व्हरांड्यात वास आला.
कातड्यात जन्म गेला माझा,
तरी तो वास.
वचन विसरलो.
शांतवन म्हणाला, "काय बोलू नकोस लगा. बस नुसता."
बसलो.

पहाटे त्यानं फडकं सोडलं,
कालची भाकरी, कडेला खर्डा.
भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.
मोडताना कडक आवाज झाला.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
प्रभूच्या मेजावर काय मोडतात
ते मला त्या व्हरांड्यात ऐकू आलं.

तेवीस रात्री.
डोर्कसबाई चादरी उकळून आणायच्या,
एलिया रिक्षाचं भाडं घ्यायचा नाही, वर ओरडायचा.
अठराव्या रात्री शांतवननं विचारलं, "तुझं काय?"
"प्रभूच्या कृपेनं..." म्हणालो
आणि पुढचा शब्द येईना.

सलोमी मिरजेला गेली त्याला दोन वर्षं झाली.
आजारी बापाचं करायला, असं सांगत होतो सगळ्यांना.
बाप तिचा ठणठणीत आहे.

तो बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला.
"तुझ्या सदऱ्याला दोन वर्षं
वेगळ्या रंगाचं बटण आहे," म्हणाला,
"दिसत होतं.
विचारलं नाही."

आमच्या चपलेला खिळा लागत नाही.
तळावर तळ ठेवायचा,
आरीनं दोन्ही एका दमात भोसकायचे,
मग त्या भोकातून वादी ओढून घ्यायची.
एकालाच भोक पडलं तर ते नुसतं भोक.
लोक विचारतात,
देव घरातही ऐकतो, मग मंडळी कशाला?
मला वाद येत नाही.
मी जोडी उलटी करून शिवण दाखवतो.
आणि त्यानंही, उठल्यावर,
आपल्या माणसांना आधी हातच दाखवले होते,
भोकं असलेले.

सलोमी अजून आलेली नाही.
शांतवन दोनदा जाऊन आला मिरजेला,
काय बोलणं झालं ते सांगत नाही.
अमोस माझ्याकडं कामाला बसतो.
उजव्या हाताची तीनच बोटं वळतात,
वेणी तिरकी येते.
त्याची पहिली जोडी मीच घालतो, करकरते भारी,
उपदेशात लोक मागं वळून बघतात.

परवा दारात एक नवा पोरगा,
नोकरीला आलाय म्हणे, कागलकडं.
"बरं आहे ना?"
"हो, प्रभूच्या कृपेनं."
मी त्याच्या पायांकडं बघितलं.
मग म्हणालो, चल,
चहा घेऊ.