मोनो, चोवीस

भोईवाड्यात दवाखान्याच्या वर आमची खोली,
एक मायक्रोफोन, भिंतीला टेकवलेल्या दोन गाद्या,
आणि तोरसकर मॅडमच्या आवाजात
अख्खा पुराव्याचा कायदा. एक्केचाळीस फाइली.
मुस्तकीमच्या कार्डात जागा उरलेली
जेमतेम चारशे एम्बी.

रात्री साडेदहा. काळी खिडकी उघडतो.
इथे बटणं नाहीत, चित्रं नाहीत,
हवं ते टाइप करायचं, टिंबही चुकवायचं नाही:
मोनो. चोवीस. शांतता काप.
एंटर.

सोळावर करून पाहिलं होतं आधी.
'साक्ष' आणि 'शपथ' एकाच ताटात जेवू लागल्या.
चोवीसवर आपापल्या पाटावर बसतात.
'ळ'ला मात्र कशानेच काही होत नाही.

टक्के चढत राहतात.
यंत्राचा हिशेब साधा:
कानाला कळणारच नाही ते ठेवायचं कशाला?
आणि गप्प राहायला तर जवळजवळ काहीच लागत नाही.

मॅडमना दोन्ही ऐकवलं, मूळ आणि आवळलेलं.
ओळखा, म्हटलं.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात हेडफोन लावून काढलेली बाई,
"हा दुसरा ट्रंक कॉल. कुठून लावलायस, साताऱ्याहून?"
मग चष्मा पुसत,
"तारेतून जायचं तर आवाजाला अंग चोरावंच लागतं.
तरी पलीकडे कोण रडतंय ते कळायचं रे.
'तीन मिनिटं झाली' हे सांगायला
कधीकधी जीभच उचलायची नाही."

शनिवारी मुस्तकीमचा फोन, गोवंडीहून.
विचारलं, स-श नीट येतायत ना?
हसला. "मी दुप्पट वेगाने ऐकतो, दादा.
आमच्यात सगळेच. परीक्षा डोक्यावर आहे.
पण ते पान उलटल्याचं कुठे गेलं?
आधी खर्रर्र व्हायचं, मॅडम श्वास घ्यायच्या,
मग मीपण घ्यायचो."

ते मी कापलं होतं.
शांतता म्हणून.

पुन्हा काळी खिडकी. वरचा बाण दाबला
की मागची आज्ञा जशीच्या तशी हजर.
तिच्या शेपटीतले दोन शब्द खोडले.
एक्केचाळीस फाइली, परत पहिल्यापासून.
खाली टँकर पाणी सोडत होता
तेव्हा शेवटची झाली.

अठरा एम्बी वाढले.
त्यांना जागा करायला
त्यानं कार्डातून काय पुसलं,
ते मी विचारलं नाही.